टॅग उसना देता येत नाही

पत्र

मी मूळचा कुडाळचा. सध्या पेनसिल्वेनियात अल्टूना इथे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, एच-वन-बी व्हिसावर. शेजारच्या काकांमुळे (अमेरिकनच आहेत, सत्तरीपुढचे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो) शिकारीची गोडी लागली. रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं. यंदा बंदुकीच्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात बेडफर्ड काउंटीत मला हरणाची मादी मिळाली. टॅग (लायसन्ससोबत मिळणारी, मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) भरून कानाला बांधला, काकांच्या गॅरेजमध्ये मांस कापलं. पण गेम कमिशनला ऑनलाइन कळवायचं राहून गेलं, ड्युट्याच तशा होत्या. आता तीन आठवडे होत आले. मुदत दहा दिवसांची होती. आता कळवलं तर आपणच आपल्याला पकडून दिल्यासारखं होईल ना? त्यात टॅग जेल पेनने भरला होता, शाई फुटली आहे. डोकं अजून फ्रीजरमध्ये आहे.

दुसरं असं, की काकांनी यंदाचा त्यांचा शिंगवाला नर घेतला. नाताळनंतर फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या जुन्या बंदुकीचा, हंगाम सुरू होतो. त्यात आणखी एखादा मोठा नर समोर आला तर "तुझा नराचा टॅग रिकामाच आहे, तो लावू," असं ते म्हणतात. त्यांनीच मला सगळं शिकवलं, त्यांना नाही कसं म्हणू?

आमच्याकडे आजोबांची शेतीसंरक्षणाची बंदूक होती. डुक्कर मारलं की दार लावून वाटे पडायचे आणि कुणी कुठे बोलायचं नाही. बायको म्हणते, ते डोक्यातून काढ, इथे व्हिसा जाईल. तिला हेही विचारायचं आहे, की हे मांस मुलांना द्यावं का? संक्रांतीला मित्रमंडळी जेवायला येणार आहेत.

— अल्टूनाचा कुडाळकर

उत्तर

नमस्कार डॉक्टर,

नाताळ तोंडावर आहे, म्हणून तुमचं पत्र रांगेतून पुढे घेतलं. आधी कामाचं सांगते, बाकीचं मागून.

आज रात्री घरी पोचलात की हरणाची नोंद करा. पेनसिल्वेनिया गेम कमिशनच्या (म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या) लायसन्सच्या साइटवर, म्हणजे जिथून लायसन्स काढलंत तिथेच, हार्वेस्ट रिपोर्ट भरता येतो. फोनवरूनही होतो. तारीख मात्र खरी टाका, ज्या दिवशी हरीण पडलं तीच. उशीर झाकण्यासाठी गेल्या आठवड्यातली तारीख टाकण्याचा मोह होईल, तो टाळा. उशीर ही चूक आहे. खोटी तारीख टाकलीत की तिची लबाडी होते, आणि तुमच्या टॅगवर खरी तारीख लिहिलेली असताना ती लबाडी उघडी पडायला वेळ लागणार नाही. साइटने नोंद घेतली नाही तर सकाळी प्रादेशिक कार्यालयात फोन करा. तुमच्या भागाचं कार्यालय हंटिंगडनला आहे. "अमुक दिवशी बेडफर्ड काउंटीत मादी घेतली, टॅग लावला, कळवायचं राहिलं, आता कळवतो आहे," एवढंच सांगायचं. ऑनकॉलची कहाणी सांगत बसू नका. कुणाशी, किती वाजता बोलणं झालं ते लिहून ठेवा.

पकडून दिल्यासारखं होईल का, असं विचारलंत. उशिराबद्दल दोन शब्द ऐकावे लागतील, कदाचित पुढची कारवाईही होईल. होणारच नाही अशी हमी मी देणार नाही. पण जंगलात टॅग लावून आलेला आणि उशिरा का होईना आपणहून फोन करणारा माणूस वॉर्डनच्या, म्हणजे कमिशनच्या अधिकाऱ्याच्या, नजरेत वेगळा असतो. टॅगच न लावता हरीण गाडीत घालून नेणारा वेगळा. तुम्ही पहिल्यातले आहात. या राज्यात मुख्य काम टॅगचंच. हरीण पडल्याबरोबर, जागेवरून हलवायच्या आधी, टॅग भरून कानाला लावायचा आणि मांस कापायला घेईपर्यंत तो काढायचा नाही. तेवढं तुम्ही केलंत.

आता तुमच्या आजोबांच्या दाराबद्दल. पत्रातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण तुमच्या सगळ्या भीतीचं मूळ मला तिथे दिसतं. कोकणात ठासणीच्या बंदुका घरोघर होत्या, परवाने होते ते पिकाच्या राखणीसाठी. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार ही गोष्टच चोरीछुपे करायची झाली. गावात डुक्कर पडल्याचं सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणालाच माहीत नसायचं. त्या घरात वाढलेल्या माणसाला "मी प्राणी मारला" असं सरकारला स्वतःहून लिहून कळवणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं वाटलं, तर मला त्याचं नवल नाही. पण डॉक्टर, इथे सगळं उलटं आहे. इथे शिकारी तोच, जो कळवतो. जो लपवतो त्याला इथली माणसंच चोर म्हणतात, आणि काका भले त्यांचा टॅगचा हिशेब सैल धरोत, तेही म्हणतील.

ही रीत उगाच पडलेली नाही. विसावं शतक उजाडलं तेव्हा पेनसिल्वेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. जंगलं तोडून झालेली, आणि बाजारात विकण्यासाठी वर्षभर मनमानी शिकार. 1895 साली कायद्याने गेम कमिशन आलं, 1906पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली, 1907मध्ये मादी मारायला बंदी घातली. आज तुमच्या अंगणातली ट्युलिप हरणं खातात, ती त्या हिशेबातून उभी राहिली आहेत. हिशेब ठेवायचा तर गेलेल्याची नोंद हवी.

नोंदींचं पुढे काय होतं, हे फार थोड्या शिकाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. हंगामात कमिशनची माणसं मांस कापून देणाऱ्या दुकानांत जातात. हरणाचा जबडा उघडून दातांच्या झिजेवरून वय ठरवतात, नर की मादी ते लिहितात, आणि कानातला टॅग वाचतात. मग ते टॅग कळवलेल्या नोंदींशी ताडून बघतात. समजा, दुकानांत पाहिलेल्या शंभर हरणांपैकी चाळिसांचीच नोंद आली असेल, तर त्या विभागातून आलेल्या एकूण नोंदी त्या प्रमाणात वाढवून खरा आकडा काढतात. न कळवणारे आहेत हे धरूनच सगळं गणित मांडलेलं आहे. या हिशेबातून आणि वयाच्या नोंदींतून विभागात हरणं किती, आणि पुढच्या वर्षी माद्यांची लायसन्सं किती द्यायची, हे ठरतं. तुमची एक नोंद राहिली म्हणून जंगल बुडत नाही. पण नोंदी जितक्या कमी, तितका अंदाजावर भार जास्त, आणि अंदाज चुकला की त्याची किंमत एक तर हरणं मोजतात नाही तर शेतकरी.

तुम्ही डॉक्टर आहात. भारतात 2012पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे. रुग्ण तर बरा होतोय, मग फॉर्म कशाला, म्हणणारे डॉक्टर तुम्ही पाहिले असतील, आणि त्यांच्यामुळे काय होतं तेही तुम्हाला माहीत असेल. हार्वेस्ट रिपोर्ट त्याच जातीचा कागद आहे.

बेडफर्डच्या बाबतीत तर शब्दशः. पेनसिल्वेनियातल्या रानातल्या हरणांत सीडब्ल्यूडी पहिल्यांदा सापडला तो 2012च्या हंगामातल्या, तुमच्या ब्लेअर आणि बेडफर्ड काउंटींतल्या हरणांत. म्हणजे हरणांच्या मेंदूचा, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा आजार, झिजून झिजून मारणारा. तो सापडला कारण शिकाऱ्यांच्या हरणांची डोकी तपासली गेली आणि प्रत्येक डोक्यासोबत ते कुठून आलं याचा कागद होता. तो भाग आता डीएमएमध्ये येतो, म्हणजे रोग आटोक्यात ठेवण्यासाठी आखलेलं क्षेत्र. तिथून डोकं, पाठीचा कणा, प्लीहा असे धोक्याचे अवयव क्षेत्राबाहेर नेता येत नाहीत. सुदैवाने अल्टूनाही त्याच क्षेत्रात आहे. हद्द दरवर्षी बदलते, तेव्हा पुढच्या हंगामाआधी नकाशा पाहून घ्या.

फ्रीजरमधलं ते डोकं टाकू नका. तुमच्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यात आहे. डीएमएमध्ये ठिकठिकाणी कमिशनच्या लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात, डोकं त्यात टाकलं की तपासणी फुकट होते. दोन पिशव्यांत घट्ट बांधायचं, टॅग कानालाच राहू द्यायचा. नराचं असतं तर शिंगं आधी काढून घ्यायची. निकाल तुमच्या लायसन्सवरच्या ग्राहक क्रमांकावरून कळतो. आता अट अशी, की टॅग पूर्ण भरलेला आणि वाचता येणारा हवा. तारीख, वेळ, काउंटी, टाउनशिप, विभाग, सही, सगळं. वाचता आलं नाही तर ते नुसतं एका हरणाचं डोकं, कुठल्या टेकडीवरचं कुणास ठाऊक.

तुमची शाई फुटली आहे. त्या टॅगवर पुन्हा गिरवू नका. गिरवलेला टॅग बदललेल्या टॅगसारखा दिसतो. आहे तसा राहू द्या. वेगळ्या कागदावर तीच सगळी माहिती साध्या बॉलपेनने लिहा, छोट्या झिपलॉकच्या पिशवीत घाला आणि टॅगशेजारीच बांधा. हंटिंगडनला फोन कराल तेव्हा टॅग खराब झाल्याचंही सांगा आणि डोकं पेटीत टाकू की कार्यालयात आणून देऊ, ते त्यांनाच विचारा. पुढच्या वेळी खिशात दोन बॉलपेनं ठेवा, एक आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. जेल पेन थंडीत अडतं आणि रक्ताळलेल्या ओल्या बोटाखाली ते असंच पसरतं. टॅग भरायचा तो हातमोजा काढून, गुडघ्यावर काहीतरी कडक ठेवून. मग कानाच्या पाळीला सुरीच्या टोकाने बारीक छेद द्यायचा, दोरा ओवून पक्की गाठ मारायची आणि मगच हरीण ओढायला हात लावायचा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दोन मिनिटांत आपण काय केलं ते नीट कळतं, म्हणून मला तरी ते आवडतं.

आता काकांचं.

नाही म्हणा, डॉक्टर. यात दुसरं काही सांगण्यासारखं नाही. पेनसिल्वेनियात एका लायसन्सच्या वर्षात शिंगवाला नर एकच, आणि टॅग ज्याच्या नावाचा, हरीण त्यानेच घेतलेलं असलं पाहिजे. काकांच्या दुसऱ्या नराच्या कानात तुमचा टॅग गेला की दोघेही अडकता. त्यांनी मर्यादेबाहेर हरीण घेतलं, आणि तुम्ही न घेतलेलं हरीण स्वतःचं म्हणून सांगितलं. वर त्याचा रिपोर्टही तुम्हालाच भरावा लागेल, म्हणजे सरकारी कागदावर एक खोटं आणखी. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जुन्या डिअर कॅम्पांतून, म्हणजे शिकाऱ्यांच्या तळांवर, ही चाल होती, चार जणांचे टॅग म्हणजे चार हरणं, कुणी का मारेना. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात बंदुकीच्या हंगामात एकमेकांच्या डोळ्यासमोर, हाकेच्या अंतरावर शिकार करणाऱ्या गटाला हे कायद्यानेच करता येतं. तिथलं ऐकून इथे कुणी तसं वागलं की पंचाईत होते. इथे ती सोय नाही.

आणि तुमच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे, ती काकांना माहीत असण्याचं कारण नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे एखाद्या राज्याने दिलेलं, चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नसते. तुम्हाला आहे. तुमच्या घरात बंदूक आहे ती त्या एका कागदाच्या आधारावर. म्हणून 30 जूनला लायसन्स संपतं तेव्हा नवं काढायला एक दिवसही उशीर करू नका, हंगाम दूर असला तरी. आणि टॅगच्या भानगडीत लायसन्सच निलंबित झालं, तर हरणाचा प्रश्न बंदुकीचा होऊन बसेल. निलंबनाचा परिणाम या एका राज्यापुरता राहत नाही. जवळपास सगळ्या राज्यांचा आपसात करार आहे, एकाने निलंबित केलेला शिकारी दुसरीकडेही लायसन्स घेऊ शकत नाही.

तुमची पत्नी म्हणते व्हिसा जाईल. उशिरा कळवलेल्या एका मादीमुळे व्हिसा जाईल असं मला वाटत नाही, तिला तसं सांगा. पण तिच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे. वॉर्डनने साइटेशन (दंडाची नोटीस) दिलंच, तर "दंड भरला आणि मोकळा झालो" असं करू नका. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि पुढे इमिग्रेशनच्या काही फॉर्मवर त्याबद्दल विचारलं जातं. पैसे भरायच्या आधी तुमच्या व्हिसाच्या वकिलाला तो कागद दाखवा.

काकांना हे कसं सांगायचं? त्यांना कायदा शिकवायला जाऊ नका. पन्नास वर्षं शिकार केलेल्या माणसाला कालच्या पोराने नियम सांगितलेले आवडत नाहीत, मग तो पोरगा डॉक्टर का असेना. आपली अडचण सांगा, ती खरीच आहे: "काका, माझं लायसन्स गेलं तर मला बंदूकच ठेवता येणार नाही, तुमच्याबरोबर येणंच बंद होईल. टॅग नाही देऊ शकत." इंग्रजीत सांगाल तेव्हाही एवढ्यावरच थांबा. गाडीत शेजारी बसलेले असताना सांगा, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी. मोठा नर समोर पडलेला असताना, श्वास फुललेला असताना हा विषय निघाला तर तुम्ही भिडेखातर हो म्हणाल. तुम्हीच लिहिलं आहे, तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

आणि मग त्यांना काहीतरी द्या. फ्लिंटलॉकचा हंगाम या राज्याची खास गोष्ट आहे. चकमकीच्या ठिणगीवर उडणारी बंदूक, बर्फातली वाट, गर्दी नाही. तुमच्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची ती सख्खी भावंडं, हे काकांना सांगितलंत का कधी? सांगा. त्यांच्याकडे मादीचं लायसन्स शिल्लक असेल तर त्यांनी मादी घ्यावी. काही जमिनींवर डीएमएपीचे, म्हणजे हरणांची संख्या आवरण्याच्या योजनेतले, जास्तीचे परवाने मिळतात, तेही मादीसाठीच. तो घेतला तर लक्षात ठेवा, हरीण मिळो न मिळो, रिपोर्ट भरावाच लागतो. नाहीतर बंदूक तुमच्या हातात, टॅग तुमचा, आणि काका शेजारी बसून वाट दाखवतील. नर दिसला तर तो तुम्ही घ्या, तुमच्याच टॅगवर. त्यांच्या वयात बरेच शिकारी गोळीपेक्षा सोबतीसाठीच जंगलात जातात, असं माझं निरीक्षण आहे.

राहिलं मांस. सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याची एकही नोंद आजवर नाही. तरीही अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला स्पष्ट आहे: रोग असलेल्या भागातलं हरीण असेल तर खायच्या आधी तपासणीचा विचार करा, आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर ते मांस खाऊ नका. प्रायॉन शिजवून मरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा निकाल येईपर्यंत एकही पाकीट उघडू नका. मुलांच्या ताटात तर नाहीच. पाकिटांवर मार्करने तारीख आणि काउंटी लिहा, कारण काकांच्या फ्रीजरमध्ये त्यांच्या नराचीही पाकिटं असतील आणि दोन हरणांचं मांस मिसळलं तर तुमचा निकाल कुठल्या पाकिटाचा ते कळायचं नाही. एकत्र खिमा केला असेल तर त्यांच्याही हरणाचं डोकं तपासायला गेलं का ते विचारा.

निकाल चांगला आला तर खुशाल रस्सा करा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या, मित्रांना वाढा. शिकारीचं मांस विकता येत नाही, वाटता येतं. संक्रांतीच्या पंगतीत मात्र वाढण्याआधी हे हरणाचं आहे, बेडफर्डचं आहे आणि तपासलेलं आहे, हे प्रत्येकाला सांगा. काही जण नको म्हणतील, त्यांच्यासाठी कोंबडीचं पातेलं वेगळं ठेवा. निकाल संक्रांतीपर्यंत आला नाही, तर त्या दिवशी सगळ्यांनाच कोंबडी. आणि निकाल वाईट आलाच, तर कमिशनला विचारून ते सांगतील तसं करा. मांस किंवा हाडं रानात नेऊन टाकू नका. पिशव्यांत बांधून घरच्या कचऱ्यातून ती लँडफिलला गेली पाहिजेत.

आज रात्री आधी रिपोर्ट. तो भरला की पावतीचा क्रमांक येईल, तो लायसन्सच्या मागे लिहून ठेवा.